मयत शांतीचं माहेरपण

सुगंधाने दादरहून विणकामाच्या लांब सुया आणल्या, त्या दिवशी जिजाबाईने गावदेवीला नारळ फोडला. मुलगी एकोणतीस वर्षांची, डॉक्टर झालेली, आणि पुरुष या प्राण्याकडे आजवर फक्त स्टेथोस्कोप लावून बघितलेली. सुया आल्या म्हणजे लोकर येणार, लोकर आली म्हणजे स्वेटर होणार, आणि स्वेटर झाला म्हणजे तो घालायला कोणीतरी लागणार. भाईंदरच्या घामट हवेत स्वेटर घालील असा माणूस सापडेल कुठे, हा प्रश्न जिजाबाईने मोठ्या मनाने बाजूला ठेवला.

लोकर आली नाही. आली ती पुठ्ठ्याची कार्डं, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यांत भरून. सहासष्ट सालची गोष्ट.

एक कार्ड म्हणजे एक माणूस. कार्डाच्या कडेला भोकांची रांग, आणि एकेक भोक म्हणजे एकेक प्रश्न. ताप येतो का? पोट बिघडतं का? पाणी कुठलं पिता? उत्तर 'हो' असेल तर त्या भोकाची कड कात्रीने कापून टाकायची. मग कार्डांची गड्डी करायची, हव्या त्या भोकातून सुई घालायची आणि उचलून हलवायची. ज्यांची कड कापलेली ते खाली पडत, बाकीचे सुईवर लटकून राहत. सुगंधा ओटीवर बसून अख्खा पाडा सुईवर घेई आणि हलवी. पोट बिघडलेली माणसं टपाटप खाली पडत.

"बाय, आज कोन पडला?" शेजारची सरूबाई कुंपणावरून विचारी.

"जुलाबवाले."

"आमचे हे पडले काय?"

"पडले."

"बघ! माना सांगतात, मी धडधाकट हाय."

पाड्याचं नाव खाजणपाडा. काशीगावाच्या पुढे, शेतं संपून मिठागरं सुरू होतात तिथे. पाड्याला एकच विहीर, आणि तिचं पाणी समुद्राचं की जमिनीचं याचा निकाल अजून लागलेला नव्हता. सुगंधा म्हात्रे तेच पाणी पिऊन लहानाची मोठी झाली होती, त्यामुळे बालपणाचा बराचसा काळ तिने झुडपाआड बसून काढला होता. तिथे बसल्या बसल्याच आपण डॉक्टर व्हायचं असं तिने ठरवलं, असं ती सांगे. डॉक्टर होऊन ती परत आली, दवाखाना उघडला आणि सहा महिन्यांत तिच्या लक्षात आलं की आपण त्याच माणसांना त्याच गोळ्या देतोय आणि ती माणसं त्याच विहिरीच्या पाण्याने गोळ्या गिळतायत.

म्हणून ती जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांकडे गेली आणि म्हणाली, "खाजणपाड्याला नळ द्या."

साहेब सज्जन होते. त्यांनी तिला खुर्ची दिली, चहा दिला. नळ दिला नाही.

"डॉक्टर, नळ तर सगळेच मागतात," ते म्हणाले. "तुमच्या पाड्यात माणसं आजारी पडतात, मान्य. ती पाण्यानेच पडतात कशावरून? आकडे आणा."

बाकी कोणी असतं तर चिडून घरी आलं असतं. सुगंधा खूश होऊन आली. आयुष्यात पहिल्यांदाच तिच्याकडे कोणीतरी तिला देता येईल असं काही मागितलं होतं. साहेबांच्या टेबलावर मावणार नाहीत इतके आकडे आणायचे, असं तिने ठरवलं. त्यासाठी सुया.

घरोघर जाऊन फॉर्म भरायला तिने परशुरामला नेमलं. परशुराम रत्नागिरीकडचा, पन्नाशीचा, मिठागरावर गोणी मोजायचं काम करणारा. त्याची ख्याती अशी की गोणी फाटकी असो, भिजकी असो, अर्धी असो, तो एकच लिही. गोणी ती गोणी. माहितीशास्त्राला लागतो तसा माणूस हाच, असं सुगंधाला वाटलं, आणि त्यात ती चुकली नव्हती. पुढे जे झालं ते तो फारच योग्य होता म्हणून झालं.

"परशुरामकाका," पहिल्या दिवशी तिने सांगितलं, "लोक सांगतील ते शब्दशः लिहायचं. आपल्या मनाने अर्थ काढायचा नाही. अर्थ काढणं माझं काम."

"बरं, बाई."

"आणि फॉर्मात नाही ते विचारायचं नाही. त्याने लोक भरकटतात."

"आणि फॉर्मात नाही ते त्यांनी होऊन सांगितलं तर?"

"ऐकून घ्यायचं. लिहायचं नाही."

परशुरामने मान डोलावली. गुरूने कानात मंत्र सांगावा तशी त्याने ही वाक्यं जपली. चार वर्षं तो पाड्यापाड्यांतून हिंडला. विहीर, पोट, ताप, जन्म, मृत्यू. दर सहा महिन्यांनी त्याच घरात जायचं, कोण आहे, कोण नाही ते बघायचं. सत्तर सालापर्यंत कार्डं इतकी झाली की सुई वाकायला लागली. तेव्हा मुंबईच्या एका संशोधन संस्थेने सुगंधाला कळवलं, की आमच्याकडे एक कॉम्प्युटर आहे, तुमची माहिती त्यात घालून बघायला आम्हाला आवडेल.

मिठाच्या लॉरीतून डबे मुंबईला गेले. परशुराम सगळ्यात वरच्या डब्याला मिठी मारून बसला होता. संस्थेत त्याला चपला बाहेर काढायला लावल्या. आत गारवा, मंद घरघर आणि एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत उभी असलेली लोखंडी कपाटं. परशुरामने हात जोडले आणि प्रसादाच्या अपेक्षेने थोडा वेळ थांबला.

"सगळं गाव यात जाणार?" त्याने यंत्रावरच्या गृहस्थांना विचारलं.

"सगळं."

"आणि बाहेर कधी येणार?"

"महिनाभराने."

गाव बाहेर आलं. अहवालाची एक प्रत साहेबांकडे गेली, एक सुगंधाकडे. साहेबांची जीपने गेली, सुगंधाची पोस्टाने. त्यामुळे खाजणपाड्यात आधी पाइप आले आणि मग अहवाल आला.

लोखंडी, काळे, जाडजूड पाइप. दोन लॉऱ्या भरून आले आणि महिपतच्या अंगणाबाहेर रचले गेले. महिपत सुगंधाच्या वडिलांचा जुना भागीदार, पाड्याचा म्होरक्या. तो सगळ्यात वरच्या पाइपवर चढून बसला आणि तिथून येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम करू लागला. पाइपांवर कोंबड्या बसल्या. सरूबाईने तांब्याभर पाणी वरच्या पाइपात ओतून ते खालच्या टोकाने बाहेर येतं का बघितलं. आलं. टाळ्या पडल्या.

"बाय, तुझ्या सुयांनी नळ आनला!" महिपत वरून ओरडला.

सुगंधा हसत हसत घरी गेली आणि पोस्टाने आलेलं पाकीट फोडलं.

अहवालात लिहिलं होतं की या भागात दर वर्षी एप्रिल-मे महिन्यांत एक प्राणघातक साथ येते. ती फक्त सोळा ते वीस वर्षांच्या अविवाहित मुलींना होते. विवाहित स्त्रिया आणि सर्व वयाचे पुरुष पूर्ण सुरक्षित. लक्षणं अशी: एक-दोन दिवस आधी सर्वांग पिवळं पडतं, अन्न जात नाही, डोक्याला काहीतरी बांधावं लागतं, रोगी सारखा रडतो. सहसा दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत रोगी जातो. विशेष नोंद: आदल्या रात्री वृद्ध स्त्रिया रोग्याभोवती बसून गातात. निष्कर्ष: कावीळ, अत्यंत उग्र स्वरूपाची, बहुधा दूषित पाण्यातून. तातडीने नळपाणी द्यावं.

सुगंधाने ते दोनदा वाचलं. मग तिने परशुरामला बोलावलं.

"काका, महिपतकाकांच्या शांतीचा फॉर्म काढा."

परशुरामने काढला.

"वाचा."

"शांती महिपत. वय अठरा. 'मुलगी कुठे आहे?' उत्तर: गेली." परशुरामने चष्मा सारखा केला. "सांगताना आई पदराने डोळे पुसत होती. ते लिहिलं नाही, फॉर्मात नाही."

"पुढे?"

"'जाण्याआधी अंग पिवळं पडलं होतं का?' उत्तर: पिवळीधम्मक. 'जेवण जात होतं का?' घास उतरत नव्हता पोरीला. 'डोक्याला काही बांधलं होतं का?' बांधलं होतं की, मुंडावळ्या. 'हो'वर खूण केली. मुंडावळ्यांचा रकाना नाही. 'आदल्या रात्री जवळ कोण होतं?' म्हाताऱ्या बायका, रात्रभर गात."

"काका," सुगंधा अगदी शांतपणे म्हणाली, "शांतीचं लग्न झालं."

"हो तर. दहिसरला दिली."

"तुम्हाला माहीत होतं?"

"मी जेवलोय ना लग्नात. जिलबी होती."

"मग 'गेली'वर खूण का केलीत?"

परशुरामला मनापासून आश्चर्य वाटलं. "बाई, फॉर्मात दोनच रकाने आहेत. 'आहे' आणि 'गेली'. आई म्हणाली गेली. अर्थ काढायचा नाही असं तुम्हीच सांगितलंत. 'गेली'चा अर्थ यंत्राने काढला. मला तर वाटलं, यंत्र शिकलेलं आहे, त्याला कळेल."

सुगंधाला हसायला येत होतं आणि डोकं भिंतीवर आपटावंसंही वाटत होतं. चार वर्षांत तिने पोटाचे प्रश्न घातले, पाण्याचे घातले, डासांचे घातले. पोरी लग्न करतात आणि घर बदलतात, नाव बदलतात, हे तिला एकदाही सुचलं नव्हतं. पाड्यात जिने हे केलं नव्हतं अशी ती एकटीच होती, आणि फॉर्म तिनेच बनवला होता.

दुसऱ्या दिवशी महिपतच्या अंगणात सगळे जमले. पाइपांवर पुरुष, खाली बायका.

"आपल्या पोरी मेल्यात असं कागदावर गेलंय," सुगंधा म्हणाली. "चूक झालीय. मी साहेबांना जाऊन सांगणार आहे."

"मंग नळ?" महिपतने विचारलं.

"थांबेल बहुतेक."

महिपतने विचार केला. "मंग राहू दे ना मेलेल्या. आमची काय तक्रार हाय?"

"महिपतकाका, शांती जिवंत आहे!"

"हाय ना. दहिसरला हाय. इथं कुठं हाय?"

"नळ येईस्तोवर मेलेल्या राहतील," सरूबाईने तोडगा काढला. "मंग काढू जिवंत. घाई काय हाय?"

"आणि नळाला पानी आलं की त्यांना बोलवू," आणखी कोणीतरी म्हणालं, "पयला हंडा त्यांचा."

"आये, तू तरी सांग ह्यांना," सुगंधा जिजाबाईकडे वळली.

जिजाबाई लसूण सोलत होती. तिने मान वर केली नाही. "दिली ती गेलीच. परशुरामाने काय खोटं लिवलंय? पोरीच्या आयसला इचार. मांडव उतरला की घर कसं दिसतं ते इचार." मग पाकळी टोपलीत टाकून म्हणाली, "तू गेली असतीस तर तुना म्हाईत असतं. सगळ्यांच्या गेल्या. माझी तेवढी हाय."

सुगंधा घरी आली. तिने साहेबांना पत्र लिहायला घेतलं. पण 'कृपया आमच्या मुली जिवंत समजाव्यात' या वाक्यापुढे तिला जाता येईना, आणि तेवढ्यात निरोप आला की साहेब स्वतःच परवा येतायत. सोबत दोन तज्ज्ञ, शोकाकुल कुटुंबांची भेट घ्यायला.

पाड्याने तयारी केली. जिथे जिथे मयत मुली नांदत होत्या तिथे तिथे निरोप गेले: सध्या माहेरी येऊ नका. बाकीच्यांनी ऐकलं. शांतीला मिठाच्या लॉरीच्या ड्रायव्हरने सांगितलं, "तुझा बाबूस म्हणतो, येऊ नको." जिला माहेरून कधी कोणी येऊ नको म्हटलं नाही अशा पोरीने यातून काय समजायचं? ती त्याच पावली निघाली.

साहेब आले. डोक्यावरची हॅट काढून महिपतच्या बाजेवर बसले. तज्ज्ञ विहिरीकडे बघत उभे राहिले. महिपतने पंचा खांद्यावर टाकून चेहरा पाडला. तो दहा मिनिटांपूर्वीपर्यंत पाइपावर बसून गाणं म्हणत होता, त्यामुळे चेहरा पाडायला थोडा वेळ लागला.

"महिपतराव," साहेबांचा आवाज खरोखरच जड झाला होता, "मलाही मुलगी आहे. काय बोलावं कळत नाही."

"काय बोलू नका साहेब," महिपत घाईघाईने म्हणाला. "नळ तेवढा बघा."

तेवढ्यात फाटक वाजलं. सातव्या महिन्याचं पोट, हातात केळ्यांची फणी, काखेत पिशवी, धापा टाकत शांती अंगणात शिरली.

"बाबा! काय झालं? कोन गेलं?"

अंगणात कोंबडीसुद्धा हलली नाही.

"ह्या कोण?" साहेबांनी विचारलं.

"ही... ही दहिसरची," महिपत म्हणाला. खोटं नव्हतं.

साहेबांनी शांतीला मान लवून नमस्कार केला आणि पुन्हा महिपतकडे वळले. "कैलासवासी शांती किती दिवस अंथरुणाला होती?"

"कोन शांती?" शांतीने विचारलं.

"आमची," महिपत दातांतून म्हणाला आणि डोळ्यांनी तिला घरात जा अशी खूण करू लागला.

"तुमची दुसरी शांती कवा होती?" शांती कमरेवर हात ठेवून म्हणाली. "आयस! बाबांची दुसरी शांती कोन?"

आता हे प्रकरण भलत्याच दिशेला चाललं होतं. सुगंधा पुढे झाली.

"साहेब, मयत शांती ती हीच."

साहेबांनी अहवालाकडे बघितलं. मग शांतीकडे. मग तिच्या पोटाकडे. मग पुन्हा अहवालाकडे, तिथे काही सुधारणा झालीय का म्हणून.

"नक्की?"

"नक्की, साहेब," परशुराम म्हणाला. "मी लग्नात जेवलोय. जिलबी होती."

सुगंधाने सगळं सांगितलं. 'गेली' हा शब्द, हळद, मुंडावळ्या, रात्रभर लग्नाचे धवले गाणाऱ्या म्हाताऱ्या. काही लपवलं नाही, आपला फॉर्मही नाही. एक तज्ज्ञ तोंडावर रुमाल धरून विहिरीपर्यंत जाऊन आला. साहेब मात्र हसले नाहीत.

"म्हणजे साथ नाही."

"नाही."

"मृत्यू नाहीत."

"नाहीत. साहेब, पण पाणी..."

"डॉक्टर, मी या कागदावर सही केलीय." ते उठले. "माझी सही मेलेल्या मुलींसाठी होती. जिवंत मुलींसाठी मला नळ देता येत नाही. पाइप परत जातील."

पाड्यात कोणी सुगंधाकडे बघेना. महिपत जाऊन पाइपाला टेकून उभा राहिला. आणि शांतीला एव्हाना सगळं समजलं होतं.

"मी जिती हाय म्हणून नळ न्हाय?" ती साहेबांवर कडाडली. "दहिसरला हाय ना नळ! तिथं वर्सभर माझं पोट दुखत न्हाय. हितं आली की दोन दिसात लागतं! आता मी माहेरपनाला आलेय, सात महिन्यांची, परवा बसू काय झुडपाआड?"

"आगो, ते माहेर बाधतं," तिची आई समजुतीने म्हणाली. "आयसच्या हातचं जास्ती खाती म्हणून. सगळ्या पोरींचं होतं."

"होतं, होतं," बायकांनी दुजोरा दिला. माहेरी आलेल्या लेकीचं पोट बिघडलं नाही तर आईने लाड काय केले, असं पाड्यात समजलं जाई.

"आणि माझी सून," सरूबाई म्हणाली, "दहिसरचीच. ती आल्यापासून पोट धरून बसलीय. सासरचं पानी मानवत न्हाय म्हणते. नखरे!"

सुगंधा जागच्या जागी थांबली. लेक आली की लाड, सून आली की नखरे. एकाच विहिरीला पाड्याने दोन नावं ठेवली होती.

"शांती, काय म्हणालीस? पुन्हा सांग."

"झुडपाआड..."

"त्याच्या आधीचं!"

शांतीने पुन्हा सांगितलं. साहेबांची जीप एव्हाना निघाली होती, सुगंधा तिच्यामागे धावली. जीप थांबली.

"साहेब! तुम्ही विचारलं होतंत ना, पाण्यानेच आजारी पडतात कशावरून? पोरींवरून! माणूस तोच, पोट तेच, फक्त पाणी बदलतं. दर वर्षी लग्नं होतात, दर वर्षी आपण माणसं एका पाण्यावरून उचलून दुसऱ्या पाण्यावर ठेवतो. असा प्रयोग कुठल्या प्रयोगशाळेला जमणार आहे? मला एक वर्ष द्या. पाइप नेऊ नका."

साहेबांनी अहवालाची घडी करून खिशात टाकली.

"पाइप परत न्यायला लॉरी लागते," ते शेवटी म्हणाले. "लॉरीसाठी अर्ज लागतो. अर्ज माझ्याकडेच येतो." आणि ड्रायव्हरला म्हणाले, "चल."

आता सगळ्या मयत मुली शोधायच्या होत्या. परशुराम निघाला. पहिल्याच दिवशी दहिसरला एका दारात त्याने विचारलं, "मयत शांती महिपत इथेच राहतात का?" सासूने त्याला केरसुणी दाखवली. तिथे शांती नावाची कोणी नव्हतीच. लग्नात नाव बदलून ती सुलू राघो पाटील झाली होती. त्यानंतर 'मयत' शब्द वगळायची लेखी परवानगी सुगंधाने त्याला दिली.

प्रत्येक मुलीची दोन कार्डं झाली. एक माहेरच्या नावाचं, एक सासरच्या. ती एकमेकांना बांधायची होती. दोरा निसटत होता, रबर तुटत होतं.

"आये," सुगंधा म्हणाली, "लोकर आहे का?"

जिजाबाईने हातातलं काम खाली ठेवलं. मग आत गेली आणि पेटीच्या तळातून लाल लोकरीचे गुंडे घेऊन आली. सहासष्ट सालीच आणून ठेवले होते. दुपारी ओटीवर बायका जमत आणि कार्डं बांधत. सगळ्या पोरींचं लग्न पुन्हा एकदा लागत होतं म्हणायचं. बांधता बांधता एकदोघी धवलाही गुणगुणत.

डबे पुन्हा लॉरीतून मुंबईला गेले.

"ह्याला लोकर कशाला?" यंत्रावरच्या गृहस्थांनी विचारलं.

"ती एकच बाई आहे," परशुरामने समजावलं. "दोन नावं, दोन घरं. फॉर्मात आता रकाना आहे."

या वेळी अहवाल पोस्टानेच आला, दोन्हीकडे. त्यात कोणी मेलं नव्हतं. खाजणपाड्याच्या मुली नळाच्या गावी गेल्या की त्यांची पोटं सुधारत होती आणि माहेरपणाला आल्या की बिघडत होती. नळाच्या गावच्या मुली खाजणपाड्यात आल्या की बिघडत होत्या. आणि ज्या मुली विहिरीकडून विहिरीकडेच गेल्या, त्या होत्या तशाच झुडपाआड होत्या. नखरे आणि लाड या दोन्ही गोष्टी गणितातून वजा झाल्या.

साहेब तो अहवाल हातात घेऊन स्वतः दवाखान्यात आले. थोडा वेळ इकडचंतिकडचं बोलले. निघताना उंबऱ्यात थांबले.

"डॉक्टर, आमची मुलगी लग्नानंतर घरी आली की तिचंही पोट... आम्ही तिच्या आईला बोलतो. श्रीखंड फार करते म्हणून."

"तुमच्याकडे पाणी कुठलं?"

"विहीर आहे. वडिलांनी बांधलेली." साहेबांनी हॅट घातली. "सही उद्या करतो."

त्र्याहत्तर साली पाइप अखेर जमिनीत गेले. तोवर त्यांतल्या दोन पाइपांत मांजरी व्याल्या होत्या, त्यांचं आधी पुनर्वसन करावं लागलं. नळाला पाणी आलं त्या दिवशी ठरल्याप्रमाणे पहिला हंडा मयत शांतीने भरला. कडेवर पोरगी होती. साहेबांनी भाषणात "दिवंगत भगिनींचे मनःपूर्वक स्वागत" असं म्हटलं आणि मग पहिल्यांदा, गदगदा, चष्मा काढून हसले.

पुढे सुगंधाचं काम वाढत गेलं. मुंबईच्या त्या संस्थेत तिच्या हाताखाली माणसं आली, कॉम्प्युटर बदलला, कार्डं बदलली. ठाणे जिल्ह्याबाहेरची गावंही डब्यांत येऊ लागली. नवीन येणारे विद्वान फॉर्म बघून विचारत, की 'आहे' समजलं, 'गेली' समजलं, हा मधला 'दिली' काय प्रकार आहे? सुगंधा त्यांना परशुरामकडे पाठवी आणि परशुराम जिलबीपासून सुरुवात करी. रोज ती भाईंदरहून जाई आणि भाईंदरलाच परत येई. संस्थेने देऊ केलेली मुंबईतली जागा तिने घेतली नाही. कारण विचारलं तर म्हणे, इथे आता नळ आहे.

पंचाहत्तर सालच्या फेरीत परशुराम म्हात्र्यांच्या घरी आला. सुगंधा आत चहा टाकत होती. हे घर त्याचं रोजचंच, पण फॉर्म तो फॉर्म. तो ओटीवर बसला, चष्मा लावला.

"जिजाबाई, घरात कोण कोण?"

"मी."

"मुलगी सुगंधा. वय अडतीस. कुठे आहे? आहे, दिली, की गेली?"

स्वयंपाकघरातली कपबशीची किणकिण थांबली.

जिजाबाई नळाखाली हंडा लावत होती. तिने हंडा दोनदा सरकवून धारेखाली नीट बसवला.

"हाय," ती म्हणाली. "लिव मोठ्या अक्षरात. गावात सगळ्यांच्या गेल्या. माझी हाय."

परशुरामने लिहिलं. मग पेन्सिल कानावर ठेवून तो जरा घुटमळला. "जिजाबाई, सांगताना तुम्ही पदराने डोळे पुसताय."

"फॉर्मात हाय का त्याचा रकाना?"

"नाही."

"मंग कशाला बघतोस?" जिजाबाई म्हणाली आणि आत बघून ओरडली, "सुगंधा, परशुरामाला साखर जास्ती टाक. आनि त्यात नळाचंच पानी हाय ना गो?"